सहल संपली, आता ग्रुपचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपड्याचे एक निवृत्त शिक्षक गेल्या हिवाळ्यात ४२ जणांच्या सहलीबरोबर केरळला जाऊन आले. त्या सहलीसाठी निघालेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून चालू आहे, पण सकाळचे फुलांचे फोटो आणि निवडणुकीची भांडणं एवढंच त्यात उरलंय. काही जण न सांगता निघूनही गेले. याच लोकांना धरून पुढे वर्षाला एक-दोन सहली व्हाव्यात, एकट्यादुकट्या माणसांचीही सोय लागावी, अशी त्यांची इच्छा आहे. ग्रुप कसा चालवावा, फेसबुकवर जावं का आणि पैसे कुणी सांभाळावेत, असं त्यांनी विचारलंय. मी भुसावळहून सहली काढते, त्या नात्याने हे उत्तर.

सर, पहिलं काम म्हणजे तो ग्रुप बंद करा. नवे नियम टाकून तो सुधारणार नाही. त्या ४२ जणांना एकत्र आणलं ते सुट्टीच्या तारखेनं आणि सहलीच्या दरानं. त्यातल्या काहींची मैत्री झाली, काहींचं मुन्नारच्या घाटात बसच्या पुढच्या सीटवरून वाजलं, आणि बरेचसे निव्वळ भीडेखातर ग्रुपमध्ये बसून आहेत. भीडेनं बसलेला माणूस बोलत नाही, फुलं पाठवतो. सहलीचा ग्रुप सहलीपुरता ठेवायचा आणि पुढे फिरायचं मंडळ वेगळं, नव्यानं उभं करायचं. माझ्याकडे हा नियम ठरलेलाच आहे, आणि जिथे तो मोडला जातो तिथे तुमच्यासारखंच होताना मी बघते.

बंद करण्याची रीत असते. आधी फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल अशी सेटिंग करा. मग एक मेसेज टाका: 'हा ग्रुप येत्या रविवारी बंद होईल. सगळे फोटो सोबतच्या अल्बममध्ये आहेत, हवे ते उतरवून घ्या. पुढेही सोबत फिरायची इच्छा असेल त्यांनी मला वेगळा मेसेज करावा.' शेवटचं वाक्य जपून लिहायचं. 'कोण कोण येणार?' असं ग्रुपमध्ये विचारलंत तर चाळीस अंगठे येतील आणि गाडीत बसायला सहा जण. वेगळा मेसेज करण्याची तसदी जो घेतो तोच मंडळाचा माणूस. असे दहा-पंधरा मिळाले तरी पुष्कळ झाले.

फोटोंचं याच ओघात सांगते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकत गेलं की त्यांचा दर्जा उतरतो आणि म्हाताऱ्या माणसांचे फोन तिसऱ्या दिवशी भरून बंद पडतात. गूगल फोटोजचा एक सामायिक अल्बम करा. त्या खात्यात १५ जीबी जागा फुकट असते, एका सहलीला ती पुरते. अल्बमची लिंक सहलीतल्या लोकांपुरतीच ठेवा. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय कुणी फेसबुकवर टाकायचे नाहीत, हे निघण्याआधीच सगळ्यांसमोर बोलून घ्यावं. नंतर बोललं की कुणीतरी दुखावतं.

आता पुढची सहल ठरेल तेव्हा तिच्यासाठी तीन जागा करा. सूचनांची वेगळी, गप्पांची वेगळी आणि घरच्यांसाठी वेगळी. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२२च्या शेवटापासून 'कम्युनिटी' नावाची सोय आहे, तिच्यात एका छत्राखाली हे सगळं बसतं. तिचा एक फायदा फारसा कुणी लक्षात घेत नाही. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. कम्युनिटीत ज्यांच्यासोबत तुमचा समान ग्रुप नाही, त्यांना तुमचा नंबर दिसत नाही. एकट्या फिरणाऱ्या बाईला हे फार महत्त्वाचं आहे. सहलीहून आल्यावर रात्री दहाला कुणा आप्पांचे 'जेवण झालं का' असे मेसेज सुरू होतात, ही तक्रार माझ्याकडे नेहमीची आहे. मंडळाला बाई अ‍ॅडमिन पाहिजेच. पुरुष अ‍ॅडमिनला असली गोष्ट बायका सांगत नाहीत, गुपचूप ग्रुप सोडतात, आणि तुम्हाला वाटतं माणसं कंटाळली.

सूचनांच्या जागेत फक्त सूचना. माझी सूचना अशी असते: 'उद्या सकाळी ५.४५ ला चहा, ६.१५ ला बॅगा दाराबाहेर, ६.३० ला बस सुटेल. पहिला थांबा दीड तासाने. स्वेटर वरच घ्या.' याच्यापुढे एक शब्द नाही. तीच सूचना मी लगेच आवाजात बोलूनही टाकते, अर्ध्या मिनिटाची. आपल्याकडच्या सहलीत निम्म्या बाया वाचण्यापेक्षा ऐकणं पसंत करतात, आणि चष्मा बॅगेत गेलेले नानाही. कुणी उलट विचारायचं तर गप्पांच्या जागेत किंवा सरळ फोनवर. गप्पांमध्ये मग अहिराणीत आवाज चालू होतात, 'गाडी कोठे शे?', 'चहा संपना का?' तिथे मी लक्ष घालत नाही. ती जागा त्यांची.

घरच्यांचा ग्रुप ही गोष्ट मात्र कराच. मुलगा पुण्याला, सून नोकरीवर, लेक सुरतला दिलेली. आई-बाबा केदारनाथला गेले की तिघांचे फोन सहलवाल्याला. गौरीकुंडापासून साधारण १६ किलोमीटरची चढण, मंदिर ३,५८३ मीटर उंचीवर, वाटेत रेंज येते-जाते. आईचा फोन चार तास लागला नाही की लेक रडायला लागते. म्हणून घरच्यांच्या ग्रुपमध्ये चढण्याच्या आदल्या रात्रीच लिहायचं, 'उद्या दुपारपासून परवा सकाळपर्यंत फोन लागणार नाहीत, काळजी करू नका, खाली आल्यावर मी कळवीन.' रोज रात्री एक फोटो, सगळे एकत्र उभे असलेला. त्या एका फोटोने वीस फोन वाचतात. लाइव्ह लोकेशन द्यायचं तर सहल सांभाळणाऱ्याच्या फोनचं द्यावं. ते एका वेळी जास्तीत जास्त आठ तास चालतं, संध्याकाळी पुन्हा चालू करावं लागतं. चाळीस जणांची चाळीस लोकेशनं कुणी बघत नाही, बॅटऱ्या मात्र उतरतात.

गप्पांच्या जागेतही एक विषय येऊ द्यायचा नाही, तो म्हणजे खालचा बर्थ. रेल्वेच्या एका पीएनआरवर, म्हणजे एका तिकिटावर, सहाच प्रवासी बसतात, त्यामुळे मोठा गट डब्याडब्यांत विखुरतो. कुणाच्या वाट्याला खालचा आला, कुणाच्या वरचा, हे ग्रुपवर टाकलं की सहल निघण्याआधीच तट पडतात. याच्यावर आरक्षणाच्या वेळीच उपाय करायचा. ६० वर्षांवरच्या पुरुषांना आणि ४५ वर्षांवरच्या बायकांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तो एकटा प्रवासी किंवा एका तिकिटावर असे दोघेच असतील तर. सहा जणांचं एकच तिकीट काढलं की तो हातचा जातो. म्हणून गुडघेदुखीवाल्यांची तिकिटं दोघादोघांची काढा. भाडं तेवढंच लागतं. ज्येष्ठांची सवलत तर मार्च २०२० पासून बंदच आहे, अजून दर बैठकीत कुणीतरी विचारतंच.

मंडळात आपली माणसं एकाच गावची असावीत असं काही नाही. उधना-सुरतला अर्धा खान्देश राहतो. काशीला जायचं तर त्यांना ताप्ती-गंगा एक्सप्रेस सोयीची, ते तिकडूनच बसतात, नंदुरबार सुटलं की ग्रुपवर कळवतात आणि इकडचे आपापल्या स्टेशनावर तयार असतात. अशा वेळी गप्पांचा ग्रुप खरा कामाला येतो, कुणाचा डबा कुठे लागला, कुणाची शेंगदाण्याची चटणी राहिली, सगळं तिथे कळतं.

एकट्यादुकट्यांचा प्रश्न तुम्ही विचारलात, तो मला सगळ्यात जवळचा. आपल्याकडे नवरा गेल्यावर फिरायची इच्छा असलेल्या बाया पुष्कळ आहेत. पैसे असतात, पेन्शन असते, सोबत नसते. सहलीच्या दरपत्रकात खोली दोघांत असते, एकट्याला जादा पैसे भरावे लागतात. जोडीदार मिळवून देणं हे मंडळाचं काम. पण 'कुणी माझ्यासोबत राहील का?' असं त्या बाईला ग्रुपवर लिहायला लावू नका. नाव देतानाच प्रत्येकाला तीन गोष्टी खाजगीत विचारा. रात्री घोरता का, झोपायला किती वाजता जाता, कांदा-लसूण चालतो का. माळकरी माणूस आणि रस्सा भुरकणारा एका खोलीत चालतात, जेवायला वेगळ्या टेबलावर बसतील. पण रात्री दोनपर्यंत मोबाइल बघणारी आणि पहाटे चारला उठून हरिपाठ म्हणणारी, ही जोडी तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे खोली बदलून मागायला येणार. घोरण्याबद्दल माणसं खोटं बोलतात, ते घरच्यांना विचारावं. सूनबाई लगेच सांगतात.

जुळवलेल्या दोघी निघण्याआधी एकदा तरी समोरासमोर भेटल्या पाहिजेत. सहलीआधीची बैठक काही मंडळं फोनवर उरकतात, मला ते पटत नाही. ग्रुपवर महिनाभर गोड बोललेला माणूस चहाच्या टेबलावर दहा मिनिटांत कळतो. नवा माणूस घेताना कुणा जुन्याची ओळख हवी, नुसती लिंक फिरवून भरती करू नका. नव्या सदस्याला अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल अशी सेटिंग व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, ती चालू ठेवा. आणि कुणालाही विचारल्याशिवाय ग्रुपमध्ये टाकू नका, माणसांना ते आवडत नाही.

फसवणुकीबद्दल तर बोलावंच लागेल, कारण सहलीचे ग्रुप हे चोरांचं आवडतं रान आहे. पन्नाशीपुढचे चाळीस लोक, सगळ्यांनी नुकतेच बँकेतून पैसे काढलेले, आणि ज्याचं ऐकायचं तो एकच अ‍ॅडमिन. अ‍ॅडमिनचा फोटो लावून दुसऱ्या नंबरवरून 'उरलेले पाच हजार आजच या क्यूआरवर टाका' असा मेसेज येतो आणि निम्मे लोक भरून मोकळे होतात. मंडळाचा नियम ठेवा, पैशाचा मेसेज आला की आधी ओळखीच्या नंबरवर फोन, आवाज ऐकायचा, मग पैसे. गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर त्याच तासात तक्रार करायची. दुसऱ्या दिवशी मुलाला विचारून करू म्हटलं की रक्कम पुढे सरकलेली असते. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा या अधिकृत संकेतस्थळावरच मिळतात. नकली संकेतस्थळं दर हंगामात उगवतात आणि त्यांच्या लिंका असल्याच ग्रुपांतून फिरतात. लिंक टाकणारा बहुतेक वेळा भला माणूस असतो, म्हणूनच ती जास्त फिरते.

आधारकार्डाचे फोटो ग्रुपवर मागवणं आजच थांबवा. हॉटेलला, यात्रेच्या नोंदणीला ओळखपत्र लागतं हे खरं, पण ते एकाच माणसाकडे खाजगीत जावं आणि सहल झाल्यावर पुसलं जावं. आधारच्या संकेतस्थळावर झाकलेलं आधार मिळतं, पहिले आठ आकडे दिसत नाहीत, फक्त शेवटचे चार. बऱ्याच ठिकाणी तेवढं चालतं.

आणि एक. 'आम्ही निघालो काशीला!' असा स्टेशनावरचा सहकुटुंब फोटो निघतानाच फेसबुकवर टाकायचा नाही. मे महिन्यात आपल्याकडे बंद घरं फुटतात, चोराला आणखी काय सांगायचं राहिलं? परत आल्यावर टाका, लाइक तेवढेच येतात.

आता मंडळ जिवंत कसं राहायचं. सहल वर्षातून दोनदा, मधले दहा महिने काय? इथे ऑनलाइन गोष्टीचा उपयोग थोडा आणि हाताला काम असण्याचा जास्त. आपल्याकडे हिवाळ्यातली भरीत पार्टी आहे ना. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, कुणाच्या तरी शेतात. वांगी कोण आणणार, तेल कुणाचं, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी कुणाच्या घरून, पुऱ्या कोण तळणार, हे ठरवताना ग्रुपवर जे बोलणं होतं ते सगळ्यात निरोगी बोलणं. मग श्रावणात पाटणादेवी, कधी तोरणमाळ, दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा. अजिंठा आपल्या दारातच, पण म्हणून गृहीत धरून सोमवारी निघाल तर लेण्या बंद सापडतील. एका दिवसाच्या या सहलीत माणूस पारखला जातो. वेळेवर येतो का, हिशेबाचे पन्नास रुपये लगेच देतो का, दुसऱ्याची पिशवी उचलतो का. जो पाटणादेवीला सगळ्यांना तासभर ताटकळत ठेवतो, त्याला चारधामला नेऊ नका, तिथे त्याच्यामुळे डोंगररस्त्यावरचं संध्याकाळचं गेट गाडी पोचण्याआधीच बंद होतं.

मोठ्या सहलीची तारीख ठरवताना मंडळात मतदान घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची सोय आहे, पण पर्याय दोनच द्या. शेतकऱ्याचा हंगाम, लग्नसराई आणि आखाजी (अक्षय तृतीया) एवढं बघूनच ते दोन पर्याय काढायचे. गंगोत्री-यमुनोत्रीची दारं आखाजीलाच उघडतात, पण आपल्या बाया आखाजीला घर सोडत नाहीत, लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात. त्यानंतरचा आठवडा धरावा. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे आखाजीनंतर निघायचं तर फेब्रुवारीअखेर नावं पक्की हवीत. 'बघू', 'पोराला विचारतो' म्हणणाऱ्यांना एक तारीख द्या आणि ती उलटली की त्यांच्याविना तिकिटं काढा. एकदा काढलीत की पुढच्या वर्षी सगळे वेळेवर हो म्हणतात.

राजकारण आणि धर्माच्या भांडणांना माझा उपाय साधा आहे. पहिल्यांदा मेसेज काढून टाकायचा, अ‍ॅडमिनला ते करता येतं. दुसऱ्यांदा फोन करायचा. तिसऱ्यांदा काढायचं, मग तो सरपंच असो की व्याही. ग्रुपवर कुणी काही लिहिलं तर अ‍ॅडमिनला पोलिस धरतील, या भीतीनं काही जण अ‍ॅडमिन व्हायलाच तयार नसतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराला अ‍ॅडमिन निव्वळ अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार ठरत नाही, त्यात त्याचा समान हेतू दिसला पाहिजे. पण म्हणून डोळेझाक करावी असं नाही.

फेसबुकचं विचारलंत. खाजगी ग्रुप काढा, पण दोन-तीन सहली झाल्यावर, आणि गप्पांसाठी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं वाहून जातं. गिरनारला रोपवेनं अंबाजीपर्यंत गेल्यावर पुढे दत्ताच्या पायऱ्या म्हाताऱ्यांना झेपतात का, हे कुणीतरी गेल्या वर्षी छान सांगितलेलं असतं आणि आज सापडत नाही. फेसबुकच्या ग्रुपमध्ये शोधलं की सापडतं. तिथे प्रत्येकानं आल्यावर एक नोंद लिहावी, कुठे जेवण तिखट मिळालं, कुठल्या हॉटेलला लिफ्ट नव्हती, डोलीवाल्यानं किती घेतले, आणि वर महिना-वर्ष टाकावं. दर बदलतात, जुनी नोंद वाचून भांडायला जाणारे असतात.

राहिले पैसे. मी स्वतः सहली काढते तरी सांगते, मंडळाचा अ‍ॅडमिन सहलवाला नसावा. सहलवाल्याच्या ग्रुपवर तक्रार टिकत नाही, लिहिली की दहा मिनिटांत गायब होते. चालू सहलीतली तक्रार सहल सांभाळणाऱ्याला फोनवर सांगावी, कारण ती तिथल्या तिथे निस्तरता येते. आल्यावर मात्र मंडळात मोकळेपणी लिहावी आणि सहलवाल्याला उत्तर द्यायला बोलवावं. जो येतो त्याच्याकडे पुन्हा जा.

ठरावीक माणसं आणून दिली की आणणाऱ्याला एक सीट फुकट, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. ती सीट घेऊ नका असं मी म्हणत नाही. सहल जुळवणं हे काम आहे, त्याचा मोबदला असावा. पण पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाका, किंवा तेवढी रक्कम सगळ्यांत वाटा. लपवलेली फुकट सीट कोचीनच्या हॉटेलात तिसऱ्या दिवशी कुणीतरी शोधून काढतंच, आणि मग तुमचं मंडळ दोन मंडळं होऊन परत येतं. बाकी मंडळानं पैसे गोळा करू नयेत. प्रत्येकानं सहलवाल्याच्या खात्यात स्वतः भरावेत आणि आपल्या नावाची पावती घ्यावी. सगळ्यांची मिळून एकाच नावाची पावती देणारा असेल तर तिथे थांबा. सहल रद्द झाली की परतावा त्या एकाच नावावर येतो, आणि तो वाटताना शेवटचा हिशेब तुमच्याच ओट्यावर बसतो.